आधी विचारा, मग परवाना द्या

मा. मंत्री, राज्य उत्पादन शुल्क,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

राज्यात सरसकट दारूबंदी करा, अशी मागणी या पत्रात नाही. चालू असलेली सगळी दुकाने बंद करा, असेही म्हणणे नाही. मागणी एकच आहे आणि ती क्रमाबद्दलची आहे. दारूचे दुकान बंद करायचे असेल तेव्हा गावाचे किंवा वॉर्डाचे मत गुप्त मतदानाने घेण्याची रीतसर व्यवस्था महाराष्ट्रात आहे. दुकान, बिअर शॉपी किंवा परमिट रूम उघडायची असेल तेव्हा मात्र त्याच लोकांचे मत त्या तोडीने विचारले जात नाही. परवाना निघतो, भाडेकरार होतो, फर्निचर लागते, माल भरला जातो आणि मग रहिवाशांच्या हाती उरते ती आंदोलनाची वाट. हा क्रम उलटा आहे. तो सरळ करण्याचा अधिकार आपल्या खात्याकडे आहे आणि त्याची सुरुवातही सरकारने एका ठिकाणी केली आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

आधी कायद्याची मांडणी पाहू. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत आठव्या नोंदीनुसार मद्याचे उत्पादन, वाहतूक, खरेदी-विक्री हा राज्याचा विषय आहे. अनुच्छेद 47 औषधी उपयोग वगळता मादक पेयांना आळा घालण्याची दिशा राज्याला दाखवतो. आपल्याकडे आजही लागू असलेला मूळ कायदा 1949 चा दारूबंदी कायदा आहे, आणि त्याच्या रचनेत मनाई हा नियम असून परवाना हा त्याला राज्याने दिलेला अपवाद आहे. सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीज विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात 1994 मध्ये स्पष्ट केले की, मद्याचा व्यापार करणे हा कोणाचा मूलभूत हक्क नाही. राज्य तो पूर्णपणे बंद करू शकते, स्वतःकडे ठेवू शकते किंवा अटी घालून इतरांना करू देऊ शकते. किराणा दुकानदाराला किंवा शिंप्याला गावाची संमती विचारायला सांगणे अन्यायाचे ठरेल, कारण व्यवसाय हा त्यांचा हक्क आहे. मद्यविक्रीच्या परवान्याला ती ढाल नाही. ही सवलत समाजाच्या वतीने राज्य देते. तेव्हा ज्या समाजाच्या दारात ती दिली जाते, त्याला देण्याआधी विचारण्यात घटनेची कसलीही आडकाठी नाही.

आता बंद करण्याची व्यवस्था पाहू, कारण अडचण तिथेच उघडी पडते. 2008 च्या आदेशानुसार गावातील किंवा वॉर्डातील किमान 25 टक्के मतदारांनी, किंवा महिला मतदारांपैकी तितक्या जणींनी, लेखी निवेदन द्यायचे. सह्यांची पडताळणी होते आणि मग महसूल यंत्रणा गुप्त मतदान घेते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहावे असे वाटणाऱ्याने उभ्या बाटलीवर शिक्का मारायचा, बंद व्हावे असे वाटणाऱ्याने आडव्या. वाचता न येणाऱ्या बाईलाही कळेल अशी ही योजना आहे. ज्या गावांनी तिचा उपयोग करून दुकाने बंद पाडली, तिथे महिलांनी दाखवलेली चिकाटी कोणत्याही लोकशाही देशाला अभिमान वाटावा अशी आहे. पण या मतदानाची एक अट अशी आहे की, बाटली आडवी व्हायची तर झालेल्या मतदानाचे बहुमत पुरत नाही. यादीत नोंदलेल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात.

या अटीचा हिशेब मांडून पाहा. समजा, एका गावात 1000 महिला मतदार आहेत. मतदानाला 600 जणी आल्या. त्यातल्या 480 जणींनी दुकान बंद करा म्हटले आणि 120 जणींनी चालू ठेवा म्हटले. मत देणाऱ्या दर पाच जणींपैकी चौघींनी एकच कौल दिला, तरी दुकान चालूच राहते, कारण 501 चा आकडा गाठला गेला नाही. जी बाई ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात गेली, जी लेक लग्न होऊन परगावी नांदते पण जिचे नाव माहेरच्या यादीतून निघालेले नाही, जिला मालकाने रोज बुडवून मतदानाला येऊ दिले नाही, जी वारली आणि तरी यादीत आहे, त्या सगळ्यांची मते प्रत्यक्षात उभ्या बाटलीच्या पारड्यात पडतात. आपल्या लोकशाहीत दुसऱ्या कोणत्या मतदानात गैरहजेरी ही एका बाजूची संमती धरली जाते? 2024 च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे 66 टक्के मतदान झाले. एवढ्या मतदानात यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते मिळवायची, तर पडलेल्या मतांपैकी जवळपास 76 टक्के मते लागतात. ही कसोटी सभागृहातल्या बहुतेक सदस्यांना पार करता आली नसती, आणि तरीही त्यांची निवड पूर्णपणे वैध आहे, कारण जे मतदानाला आले त्यांच्यातून कौल ठरवायचा ही आपली रीत आहे. दारूच्या दुकानापुरतीच ती बदलण्याचे कारण मला सापडत नाही.

या अटीमागे काही विचार असेलच. चालू धंदा बंद करायचा म्हणजे कोणाची तरी गुंतवणूक आणि चार-सहा जणांचा रोजगार जाणार, म्हणून कौल भक्कम हवा, असे म्हणता येईल. हा युक्तिवाद मी गांभीर्याने घेते. पण त्याचा नीट पाठपुरावा केला तर तो माझ्याच मागणीपाशी येऊन पोहोचतो. चालू दुकान बंद करणे जर इतके जड असेल, तर ते उघडण्याआधी विचारणे किती सोपे आणि सर्वांच्या हिताचे आहे! परवान्याआधी गावाने नको म्हटले तर कोणाचा गाळा अडकत नाही, कोणाचे कर्ज बुडत नाही, कोणाची नोकरी जात नाही. अर्जदार दुसरी जागा शोधतो. उलट आजच्या पद्धतीत उद्योजकाची गुंतवणूक आणि रहिवाशांचा संताप एकमेकांसमोर उभे ठाकेपर्यंत सरकार थांबते, आणि मग अधीक्षक कार्यालयासमोर धरणे, मोर्चे, पोलीस बंदोबस्त, कोर्टकचेऱ्या. दोन्ही बाजूंचे नुकसान करणारी ही व्यवस्था आहे.

काही जण म्हणतील की ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला असतोच की. दाखला आणि गावाचे मत या वेगळ्या गोष्टी आहेत, हे ग्रामीण भागात काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. दाखल्यावर सरपंच आणि ग्रामसेवक यांची सही पुरते. तो कोणत्या सभेत मंजूर झाला, सभेला कोण होते, विषय पत्रिकेवर ठळकपणे होता की आयत्या वेळच्या विषयांत शेवटी घुसवला, हे नंतर शोधून काढावे लागते. शहरात तर तेवढेही नाही. ग्रामसभेसारखी जागा शहरातल्या माणसाला मिळावी म्हणून महाराष्ट्राने 2009 मध्ये क्षेत्र सभांची तरतूद केली, पण ती कागदावरच राहिली. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे तिथे निवडून आलेले सभागृहच नव्हते. राज्यातील इतर अनेक महापालिका आणि नगरपालिकाही प्रशासकांच्या हाती होत्या. त्या काळात नव्या परमिट रूमबद्दल हरकत असलेल्या माणसाने दाद मागायची ती कोणाकडे? नगरसेवक नाही, वॉर्ड समिती नाही, क्षेत्र सभा नाही.

आणि फक्त नव्या परवान्यांचा विचार करून भागणार नाही. विदेशी मद्याची किरकोळ दुकाने, म्हणजे वाइन शॉप, आणि देशी दारूची दुकाने यांचे नवे परवाने गेली अनेक दशके सहसा दिले गेलेले नाहीत. त्यामुळे जुन्या परवान्यांना मोठी किंमत आली आणि ते एका हातातून दुसऱ्या हातात, एका जागेतून दुसऱ्या जागेत फिरू लागले. नव्या वसाहतीत जेव्हा वाइन शॉप उघडते, तेव्हा बहुधा ते दुसरीकडून आलेले असते. एखाद्या गावाने मोठ्या कष्टाने बाटली आडवी करावी आणि तोच परवाना पाच किलोमीटरवरच्या गावाच्या वेशीवर जाऊन बसावा, असे होऊ शकते. म्हणून पूर्वसंमतीची अट नव्या परवान्यापुरती ठेवली तर ती अर्धीच राहील. स्थलांतराच्या प्रत्येक अर्जाला ती लागू झाली पाहिजे. नियमांतले शाळा-देवळापासूनचे अंतर मोजून हा प्रश्न सुटत नाही. टेप धरून अंतर मोजले की कागद पूर्ण होतो, पण कामावरून परतणाऱ्या बायकांचा रस्ता कुठून जातो, मुलांची शिकवणी कोणत्या गल्लीत आहे, अंधाराचे टोक कुठे आहे, हे टेपला कळत नाही. ते तिथे राहणाऱ्यांना कळते.

अंतराच्या नियमाचे काय होते, हे महामार्गांच्या प्रकरणात सगळ्या देशाने पाहिले. सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2016 रोजी राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा आदेश दिला. 31 मार्च 2017 रोजी वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी ते अंतर 220 मीटर झाले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये नगरपालिका हद्दीतील परवान्यांना आदेशाची आडकाठी नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. मधल्या काळात अनेक राज्यांनी शहरांतून जाणाऱ्या महामार्गांचा दर्जा काढून ते रस्ते स्थानिक संस्थांकडे वर्ग करण्याचा मार्ग धरला. महाराष्ट्रातही हे झाले. याचा अर्थ असा की, परवाने वाचावेत म्हणून रस्त्यांच्या डागडुजीचा बोजा नगरपालिकांवर टाकायला सरकार तयार होते, पण परवान्याबद्दल बोलण्याचा अधिकार मात्र त्यांना द्यायला तयार नव्हते. मद्यावरचे उत्पादन शुल्क राज्याच्या तिजोरीत जाते. दुकानासमोरचा कचरा, फुटक्या बाटल्या, बंद पडलेला पथदिवा, तुंबलेले गटार आणि रात्रीची भांडणे स्थानिक संस्थेच्या आणि रहिवाशांच्या वाट्याला येतात. ज्याच्या अंगावर परिणाम येतात त्याला निर्णयात वाटा असावा, हे तत्त्व इतके साधे आहे की ते वेगळे सिद्ध करण्याची गरज पडू नये.

या परिणामांत बायकांचा वाटा किती, तेही आकड्यांत पाहता येते. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 ते 75 वयोगटातील सुमारे 16 कोटी लोक मद्य घेतात. पुरुषांत हे प्रमाण 27.3 टक्के, तर स्त्रियांत 1.6 टक्के आहे. 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले की, ज्यांचे नवरे वारंवार नशेत असतात, अशा स्त्रियांपैकी सुमारे 70 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. ज्यांचे नवरे पीत नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे 23 टक्के आहे. हिंसेचे कारण एकटी दारू नाही, हे या दुसऱ्या आकड्यावरूनच दिसते. पण दोन आकड्यांमधले अंतर इतके मोठे आहे की दुकान कुठे आणि किती, हा निव्वळ व्यापाराचा प्रश्न आहे, असे कोणी म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये मद्याचे दुष्परिणाम कमी करण्यासाठी जी पंचसूत्री दिली, तिचे पहिले सूत्र मद्याच्या उपलब्धतेवर मर्यादा घालण्याचे आहे. हाताशी दुकान असले की पिणे वाढते, ही गोष्ट कुटुंबाला अनुभवाने कळते आणि आरोग्यशास्त्राला अभ्यासाने.

मद्याबद्दल गावाने निर्णय घेणे ही कल्पनाही आपल्या कायद्याला परकी नाही. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना आणि पंचायतींना मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालण्याचा, नियमन करण्याचा अधिकार दिला. महाराष्ट्रात 13 जिल्ह्यांत अशी क्षेत्रे आहेत. मोहाच्या दारूशी आदिवासी समाजाचे सणावाराचे, नैवेद्याचे नाते आहे. म्हणूनच तिथे बाहेरून सरसकट हुकूम न देता गावाने ठरवावे, ही भूमिका कायद्याने घेतली, आणि ती योग्य होती. पण त्याच तालुक्यात अनुसूचित क्षेत्राची हद्द जिथे संपते, तिथून पुढच्या गावाला हा अधिकार नाही. अकराव्या अनुसूचीने पंचायतींकडे सोपवता येतील असे 29 विषय सांगितले. त्यांत आरोग्य आहे, महिला आणि बालकल्याण आहे, मद्य मात्र नाही. ही उणीव राज्याला आपल्या नियमांनी भरून काढता येते.

आता महसुलाच्या आक्षेपाकडे येते, कारण वित्त विभागात तोच पहिला निघेल. दारू वस्तू आणि सेवा कराच्या बाहेर आहे आणि राज्यांच्या हातात उरलेल्या मोजक्या मोठ्या करस्रोतांपैकी ती एक आहे. शिक्षकांचे पगार, सिंचन, लाडक्या योजना, सगळ्यांना पैसा लागतो. हे खरे आहे. पण मागचा अनुभव काय सांगतो? जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्काचा गुणक तीनवरून साडेचारपर्यंत नेला, देशी मद्याचा दर प्रूफ लिटरला 180 वरून 205 रुपये केला आणि त्यातून वर्षाला सुमारे 14 हजार कोटींची भर पडेल, असा अंदाज सांगितला. म्हणजे तिजोरी भरण्याचे मोठे हत्यार दराचे आहे, दुकानांच्या ठिकाणांचे नाही. एखाद्या वसाहतीने समोरच्या गाळ्यात बिअर शॉपी नको म्हटले, तर ज्याला प्यायची तो माणूस पुढच्या चौकातल्या दुकानात जाईल आणि शुल्क राज्याला मिळेलच. तिथे जाण्याचे कष्ट वाढल्यामुळे काही थोडी विक्री घटली, तर ती घट सरकारने घाटा म्हणून मोजू नये. अनुच्छेद 47 ने राज्याला दाखवलेली दिशा तीच आहे.

दुसरा आक्षेप अवैध दारूचा, आणि तो जास्त वजनदार आहे. चंद्रपूरचे उदाहरण लगेच पुढे येईल. तिथे महिलांच्या दीर्घ लढ्यानंतर 1 एप्रिल 2015 पासून जिल्हाबंदी लागू झाली आणि मे 2021 मध्ये, अवैध दारू आणि वाढलेले गुन्हे ही कारणे देऊन, मंत्रिमंडळाने ती उठवली. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेवर आजही मतभेद आहेत. त्यात आत्ता शिरत नाही. माझ्या मुद्द्याला लागू असलेली गोष्ट एवढीच की, बंदी लागली ती साऱ्या जिल्ह्याला एकाच वेळी, उठली तीही साऱ्या जिल्ह्याला एकाच वेळी, आणि दोन्ही निर्णय मंत्रालयात झाले. ज्या गावांना दुकान नकोच होते, त्यांनाही 2021 मध्ये वेगळे विचारले गेले नाही. मी मागते आहे ती व्यवस्था याच्या बरोबर उलटी आहे. तिच्यात जिल्हाभर कोरड पडत नाही. कायदेशीर दुकान कुठे असावे आणि कुठे नसावे, एवढेच ठरते. शिवाय अवैध दारू कायदेशीर दुकानांच्या अभावानेच येते, हे गृहीतक मुंबईतच खोटे ठरले आहे. जून 2015 मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे गेली. त्या महानगरात कायदेशीर दुकानांची टंचाई नव्हती. मेलेली माणसे गरीब होती आणि कायदेशीर बाटली त्यांना परवडत नव्हती. विषारी दारूचे मूळ दारिद्र्यात, मिथेनॉलच्या चोरट्या व्यापारात आणि तपासयंत्रणेच्या ढिलाईत आहे. गडचिरोलीत 2016 पासून मुक्तिपथ अभियानातून गावोगावच्या संघटना अवैध विक्रीवर नजर ठेवत आल्या आहेत. ज्या गावाने स्वतः बसून ठरवलेले असते, तेच गाव त्यावर पहारा ठेवते. वरून आलेल्या हुकुमाला असा पहारेकरी मिळत नाही.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. अधिकार खाली गेला की वसुली खाली जाईल. आज अधीक्षक कार्यालयात जे चालते म्हणतात, ते उद्या सरपंचाच्या ओट्यावर आणि नगरसेवकाच्या कार्यालयात चालेल. प्रतिस्पर्धी हॉटेलवाला विरोध विकत घेईल. आणि त्याहून वाईट म्हणजे बहुसंख्याकांच्या हातात दुबळ्यांना त्रास देण्याचे एक नवे साधन येईल. अमुक जातीच्या, अमुक धर्माच्या माणसाचे हॉटेल म्हणून नको, तिथे मांसाहार मिळतो म्हणून नको, बायका बसतात म्हणून नको, असे सुरू झाले तर ते आजच्यापेक्षाही वाईट होईल. हा धोका खरा आहे, आणि त्यावरचा इलाज व्यवस्थेच्या बांधणीत ठेवावा लागेल. म्हणूनच हा अधिकार एका सहीच्या हाती नको. निर्णय पदाधिकाऱ्यांनी न घेता सभेने घ्यावा, मतदान गुप्त असावे, नकाराची कारणे लेखी असावीत आणि ती ठरवून दिलेल्या कारणांपैकीच असावीत. त्यावर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील असावे आणि सारे ठरावीक मुदतीत संपावे.

कारणे ठरवून देणे म्हणजे काय, याचे एक चालते उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. तिथे 2003 च्या परवाना कायद्याने हे काम नोव्हेंबर 2005 पासून स्थानिक कौन्सिलांकडे आले. अर्जदाराला जागेच्या दर्शनी भागावर फिकट निळ्या कागदावर सूचना 28 दिवस लावावी लागते आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. त्या मुदतीत कोणताही रहिवासी हरकत नोंदवू शकतो, पण ती चार उद्दिष्टांशी निगडित असावी लागते: गुन्हे आणि बेशिस्त रोखणे, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणे आणि मुलांचे संरक्षण. मला दारूच मान्य नाही, ही हरकत तिथे चालत नाही. स्कॉटलंडने आपल्या 2005 च्या कायद्यात यांच्या जोडीला सार्वजनिक आरोग्य हे उद्दिष्ट घातले, आणि एखाद्या भागात आधीच परवाने जास्त झाले आहेत का, हे ठरवण्याचे काम परवाना मंडळांवर सोपवले. त्या देशांतही मद्याचे प्रश्न संपलेले नाहीत, तेव्हा त्यांची व्यवस्था जशीच्या तशी उचलावी, असे मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे उत्तर फक्त हो किंवा नाही असे नसते. रात्री अकराला बंद करा, बाहेर उभे राहून पिऊ देऊ नका, दिवे आणि कॅमेरे लावा, अशा अटी घालून परवाना देता येतो. जेवणाबरोबर पेग देणारे कुटुंबाचे हॉटेल आणि रस्त्यावरच बाटली उघडली जाते असे दुकान यांच्यात फरक करायला आपल्याकडे रहिवाशांना जागाच नाही. उभी नाहीतर आडवी, एवढीच त्यांची निवड. आधी विचारले तर हा फरक करता येईल, आणि माझा अंदाज आहे की अनेक वसाहती हॉटेलला अटींसह संमती देतील.

आणि आता त्या सुरुवातीबद्दल, जिचा उल्लेख मी वर केला. मार्च 2025 मध्ये विधानसभेत सरकारने जाहीर केले की, नोंदणीकृत गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील व्यापारी गाळ्यात नवे मद्य किंवा बिअर विक्रीचे दुकान उघडायचे तर त्या संस्थेची ना हरकत घ्यावी लागेल. या घोषणेचे स्वागत झाले आणि ते व्हायलाच हवे होते, कारण तिने पूर्वसंमतीचे तत्त्व मान्य केले. पण तत्त्व मान्य केल्यावर ते सोसायटीच्या फाटकापाशी थांबवता येत नाही. ज्यांच्याकडे फ्लॅट आहे, शेअर सर्टिफिकेट आहे, सेक्रेटरी आणि लेटरहेड आहे, त्यांना विचारायचे, आणि फाटकाबाहेरच्या चाळीला, झोपडपट्टीला, गावठाणाला, भाड्याच्या खोल्यांना विचारायचे नाही, हा भेद कोणत्या आधारावर टिकेल? देशी दारूची दुकाने उच्चभ्रू सोसायटीखाली फारशी नसतात. ती कामगार वस्तीत, बाजाराच्या मागे, नाक्यावर असतात. दारूने ज्या घरांचा रोजचा पगार खाल्ला जातो, ती घरे बहुतेक तिथेच आहेत. सर्वांत जास्त सोसणाऱ्यांचा आवाज सर्वांत शेवटी आणि सर्वांत कठीण अटीवर ऐकायचा, ही गोष्ट सरकारने जाणूनबुजून ठरवली असेल असे मला वाटत नाही. पण आज वस्तुस्थिती तीच आहे.

त्यामुळे माझी विनंती अशी. किरकोळ मद्यविक्रीचा कोणताही नवा परवाना किंवा स्थलांतराचा अर्ज आला की तो तीस दिवस जागेवर, ग्रामपंचायतीच्या किंवा वॉर्ड कार्यालयाच्या फलकावर आणि खात्याच्या संकेतस्थळावर मराठीत लावावा. गावात तो आधी महिलांच्या ग्रामसभेपुढे आणि मग पूर्ण ग्रामसभेपुढे यावा. महिलांची सभा आधी घेण्याची पद्धत ग्रामपंचायत कायद्यात आहेच, त्यासाठी नवे काही उभारावे लागणार नाही. शहरात क्षेत्र सभा होईपर्यंत त्या मतदान केंद्राच्या यादीतील मतदारांची, भाडेकरूंसह, सभा वॉर्ड कार्यालयाने बोलवावी. कौल झालेल्या मतांच्या बहुमताने ठरावा. नकार असो की अटींसह होकार, कारणे लेखी नोंदवावीत. अर्ज आल्यापासून नव्वद दिवसांत सगळे संपावे, म्हणजे अर्जदारालाही लटकत राहावे लागणार नाही. आणि 2008 च्या आदेशातील एकूण मतदारांच्या निम्म्याची अट काढून तिथेही झालेल्या मतदानाचे बहुमत धरावे. क्षुल्लक संख्येच्या जोरावर चालू धंदा बंद पडू नये, ही काळजी असेल तर मतदानाची किमान टक्केवारी ठरवा, पण न आलेल्या बाईचे मत तिला न विचारता मोजू नका.

यातील बहुतेक गोष्टींना विधिमंडळात नवा कायदा आणण्याची गरज पडू नये. नियमांत दुरुस्ती आणि 2008 च्या आदेशात बदल एवढ्यावर काम सुरू करता येईल. येत्या अधिवेशनापूर्वी या दुरुस्त्यांचा मसुदा हरकती आणि सूचनांसाठी प्रसिद्ध करावा. तोवर स्थलांतराच्या प्रलंबित अर्जांची जिल्हावार यादी, कोणत्या गावातून कोणत्या गावात या तपशिलासह, जाहीर करावी, म्हणजे ज्यांच्या दारात दुकान येऊ घातले आहे, त्यांना ते शटर उघडण्याआधी कळेल.

कळावे,

आपली नम्र,
एक मतदार